हे कोण ठरवतं? चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्गांत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवताना

सहावी ते आठवी या तीन वर्षांत मुलांना हडप्पापासून महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीपर्यंतचा इतिहास आणि ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंतचं शासन शिकायचं असतं. बालभारतीच्या पुस्तकांनी याची वाटणी नीट केलेली आहे. सहावीत प्राचीन भारत आणि स्थानिक शासन, सातवीत मध्ययुगीन भारत, शिवकाल आणि संविधानाची ओळख, तर आठवीत आधुनिक भारत आणि संसदीय शासनपद्धती. अभ्यासक्रम अधूनमधून बदलतो, पण ही चढण साधारण अशीच राहत आली आहे.

प्रत्यक्ष वर्गात मात्र पुस्तकाचे दोन तुकडे पडतात. इतिहास वर्षभर चालतो आणि नागरिकशास्त्र परीक्षेच्या तोंडावर उरकलं जातं. मुलांना वाटतं, इतिहास म्हणजे दूरच्या राजांच्या सनावळ्या आणि नागरिकशास्त्र म्हणजे पाठ करायच्या व्याख्या. आपल्या गावाचा दोन्हींशी काही संबंध आहे, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या शिक्षकांसाठी तर ही मोठी हानी आहे, कारण या दोन्ही विषयांची इतकी जिवंत साधनं फार थोड्या जिल्ह्यांच्या वाट्याला आली आहेत.

या दोन विषयांना जोडणारा एकच प्रश्न वर्षभर धरून ठेवा, एवढंच या लेखाचं सांगणं आहे. तो प्रश्न असा : या गावाचं, या जमिनीचं, या जंगलाचं काय करायचं, हे त्या काळी कोण ठरवत होतं? आणि आज कोण ठरवतं? राजा, सुभेदार, जमीनदार, इंग्रज अधिकारी, निजाम, विधानसभा, वनविभाग, ग्रामसभा अशी वेगवेगळी उत्तरं वेगवेगळ्या काळात येतील. ती उत्तरं शोधताना इतिहास आपोआप नागरिकशास्त्रात येऊन मिळतो.

आधी भिंतीवर कालपट लावा

जून-जुलैत पहिलं काम हेच करा. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी एकमेकींना चिकटवून लांब पट्टी करा आणि वर्गाच्या भिंतीवर लावा. वरच्या बाजूला देशातल्या घटना, खाली आपल्या दोन जिल्ह्यांतल्या. खालच्या ओळीसाठी सुरुवातीला एवढे टप्पे पुरेत :

- १७५१ : चांद्याचं (म्हणजे आजच्या चंद्रपूरचं) गोंड राज्य संपून नागपूरकर भोसल्यांचा अंमल सुरू.
- १८१८ : इंग्रजांनी चांद्याचा किल्ला घेतला.
- १८५४ : नागपूरचं राज्य खालसा, चांदा कंपनी सरकारकडे.
- १८५८ : बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी.
- १८६० : सिरोंचाचा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे.
- १८६१ : मध्य प्रांताची स्थापना.
- १९४२ : चिमूरचा उठाव.
- १९४८ : राजुरा निजामाच्या राजवटीतून मुक्त.
- १९५६ : विदर्भ मुंबई राज्यात.
- १९५९ : राजुरा तालुका चांदा जिल्ह्याला जोडला.
- १९६० : महाराष्ट्र राज्य.
- १९८२ : २६ ऑगस्टला गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा.
- १९९६ : पेसा कायदा.
- २००६ : वनहक्क कायदा.

प्रत्येक टप्प्याखाली एक रिकामा चौकोन ठेवा. त्यात ‘तेव्हा कोण ठरवत होतं?’ याचं उत्तर मुलांनी वर्षभरात, धडा जसा पुढे सरकेल तसं भरायचं. पट्टीवर आणखी एक ओळ मोकळी ठेवा, घरच्यांच्या आठवणींसाठी. आजोबांचा जन्म, गावात रस्ता आला ते साल, शाळा सुरू झाली ते साल अशा नोंदी तिथे येऊ द्या. आपल्या आजीचं वय आणि भारताच्या संविधानाचं वय मुलाने एका पट्टीवर शेजारीशेजारी पाहिलं, की काळाचं अंतर त्याला कळतं.

सहावी : शिळेवरची आज्ञा आणि गावाची सभा

मौर्यकाळाचा धडा शिकवताना सम्राट अशोकाच्या लेखांसाठी थेट गिरनार किंवा सारनाथला जायची गरज नाही. नागभीड तालुक्यातल्या देवटेक इथे मौर्यकाळातला ब्राह्मी शिलालेख सापडला आहे. प्राण्यांना पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारी आज्ञा त्यात आहे. त्याच शिळेवर पुढच्या काळातला वाकाटक राजा रुद्रसेन याचाही लेख आहे. म्हणजे सहावीच्या पुस्तकातले मौर्य आणि वाकाटक हे दोन धडे चंद्रपूर जिल्ह्यातल्या एकाच दगडावर भेटतात.

या शिळेवर एक तासिका द्या. मुलांना विचारा : ही आज्ञा कुणी काढली असेल? ती इथल्या जंगलात राहणाऱ्या माणसांना विचारून काढली असेल का? आज शिकारीवर बंदी आहे, ती कुणी घातली? एक आज्ञा राजाची आहे, दुसरी संसदेने केलेल्या कायद्याची. दोन्हींमध्ये काय फरक आहे, हे मुलं स्वतःच्या शब्दांत सांगू लागली की शासन म्हणजे काय याचा पहिला धडा झाला.

भद्रावती जवळ असेल तर विजासनची बौद्ध लेणी दाखवा. नेणं शक्य नसेल तर फोटो दाखवून डोंगर कोरायला लागणारे श्रम, पैसा आणि वेळ यांवर बोला. लेणी कोरायला दान कुणी दिलं असेल, या प्रश्नातून व्यापार, श्रेणी आणि धर्म हे तिन्ही विषय निघतात.

आता स्थानिक शासन. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद ही त्रिस्तरीय रचना महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून आहे. आपल्या भागातल्या मुलांना याबरोबर आणखी एक गोष्ट कळायला हवी. ग्रामपंचायत आणि ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रामपंचायतीत निवडून आलेले सदस्य बसतात. ग्रामसभेत गावातला प्रत्येक मतदार सदस्य असतो. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रासाठी १९९६ साली पेसा कायदा आला आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. त्या क्षेत्रात पाड्याला किंवा वस्तीलाही स्वतःची ग्रामसभा असू शकते. तेव्हा सर्वांत आधी आपलं गाव अनुसूचित क्षेत्रात येतं की नाही, याची तलाठी कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत खात्री करून घ्या. गडचिरोलीचा मोठा भाग त्यात आहे, चंद्रपूरचा काही भाग आहे, आणि ब्रह्मपुरी-वरोऱ्याकडचं चित्र वेगळं आहे. चुकीची माहिती देऊन पुढे जाण्यापेक्षा मुलांनाच हा प्रश्न विचारायला पाठवा.

या धड्यासाठी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाने दिली. इथले निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी गावात अभ्यासगट बसतो. २००९ साली सामूहिक वनहक्काचा दावा मान्य होऊन सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा या गावाचा हक्क नोंदला गेला. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनेही २०१२ साली हजारावर हेक्टरचा असाच हक्क मिळवला आणि जंगल वापरण्याचे नियम ग्रामसभेत बसून ठरवले.

मेंढ्याची गोष्ट सांगून थांबू नका, वर्गात एक प्रयोग करा. शाळेच्या परसबागेतली भाजी कुणी तोडायची, पाणी कुणी द्यायचं, हा खरा प्रश्न घ्या. तो चार पद्धतींनी सोडवायचा. पहिल्यांदा एक मूल राजा होऊन हुकूम देईल. दुसऱ्यांदा शेजारच्या वर्गातला एक ‘अधिकारी’ येऊन, बाग न पाहताच, नियम सांगेल. तिसऱ्यांदा हात वर करून बहुमत घ्यायचं. चौथ्यांदा एकाचाही विरोध उरणार नाही तोवर बोलायचं. चारही निर्णय फळ्यावर लिहा आणि विचारा : कोणता सर्वांत लवकर झाला? कोणता पाळावासा वाटतो? कुणाचं म्हणणं कुठे राहून गेलं? या प्रयोगाला सलग दोन तासिका लागतात. त्या जरूर द्या. पुढची दोन वर्षं शिकवायचे राजेशाही, वसाहतवाद, लोकशाही हे सगळे शब्द मुलांच्या अनुभवात इथेच रुजतात.

सातवी : परकोट, राणी हिराई आणि संविधान

चंद्रपूर शहरातल्या मुलांना परकोट रोज दिसतो, पण त्याचं वाचन त्यांनी केलेलं नसतं. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या यांचा नकाशा मुलांकडून काढून घ्या. दरवाजा कोणत्या दिशेला उघडतो? त्या दिशेला नदी आहे का? बाजार कुठे होता? दरवाज्यावरच्या सिंह आणि हत्तीच्या शिल्पाचं चित्र काढायला लावा आणि राजचिन्ह कशासाठी असतं ते विचारा. इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून हा परकोट स्वच्छ केला, हेही सांगा. वारसा जपणं हे संविधानाने सांगितलेलं मूलभूत कर्तव्य आहे, आणि ते कर्तव्य आपल्याच गावातल्या माणसांनी हातात झाडू-फावडं घेऊन पाळलेलं आहे.

चांद्याच्या गोंड राणी हिराईवर थांबा. पती बीरशहाच्या मृत्यूनंतर दत्तक मुलाच्या नावाने तिने कारभार सांभाळला, महाकालीचं मंदिर उभारलं, पतीची समाधी बांधली. मध्ययुगात स्त्रिया कुठे होत्या, असा प्रश्न सातवीच्या मुली विचारतात. त्याचं एक उत्तर त्यांना चंद्रपुरात पाहायला मिळतं. ग्रामीण भागातल्या शाळांनी वैनागंगेकाठचं मार्कंडा, वैरागडचा किल्ला, जिवतीतला माणिकगड यांपैकी जे जवळ असेल ते घ्यावं.

मराठ्यांच्या राज्यविस्ताराचा धडा येईल तेव्हा १७५१ हे साल कालपटावर दाखवा. नागपूरकर भोसले चांद्यात आले ही घटना नागपूरच्या बाजूने विस्तार आहे आणि चांद्याच्या बाजूने राज्याचा अस्त आहे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. शिवरायांवर मनापासून प्रेम करणारं आणि गोंड राजांचा अभिमान बाळगणारं मूल एकच असू शकतं, एकाच बाकावर तर नक्कीच असतं. कुणालाही कमी न लेखता दोन्ही घरांचा इतिहास सांगण्याची जबाबदारी शिक्षकाची आहे.

संविधानाच्या पाठांना या भूमीत दोन भक्कम आधार आहेत. पहिला म्हणजे चंद्रपूरची दीक्षाभूमी. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. समता आणि धर्मस्वातंत्र्य हे हक्क शिकवताना या दिवसाची आठवण सांगणारी कुटुंबं आपल्याच गावात असतात. त्यांच्या घरच्या आठवणी वर्गात येऊ द्या.

दुसरा आधार म्हणजे दारूबंदी. राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत, ४७व्या कलमात, दारूबंदीचा उल्लेख आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात महिलांच्या मोठ्या आंदोलनानंतर १ एप्रिल २०१५ पासून बंदी झाली आणि २०२१ मध्ये राज्य सरकारने ती उठवली. शेजारचे दोन जिल्हे, एकच राज्य, एकच मार्गदर्शक तत्त्व आणि निर्णय वेगळे. मुलांचे दोन गट करून चर्चा घ्या. एका गटाने बंदी का हवी ते मांडायचं, दुसऱ्याने बंदी उठवण्यामागची कारणं, म्हणजे अवैध विक्री, महसूल, अंमलबजावणीतल्या अडचणी. मग गट बदलून पुन्हा. शेवटी मुद्दा स्पष्ट करा : मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात दाद मागता येते, मार्गदर्शक तत्त्वांसाठी तशी मागता येत नाही, ती सरकारच्या धोरणातून अमलात येतात. चर्चेत कुणाच्या घरच्या व्यसनाचा विषय निघू देऊ नका. वर्गात अशी घरं असतात आणि त्या मुलांचा मान राखला पाहिजे.

आठवी : तीन लढे, दोन स्वातंत्र्यदिन आणि एका कायद्याचा प्रवास

१८५७चा धडा मीरत आणि झाशीवरून आष्टी-अहेरीपर्यंत आणा. बाबुराव शेडमाके यांचा जन्म १८३३ साली अहेरीजवळच्या किष्टापूरचा. त्यांनी जंगोम सेना उभी केली आणि १८५८ साली इंग्रजांच्या फौजेशी लढाया दिल्या. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. २००९ साली त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं.

शेडमाके यांचा पाठ साधनांची पारख शिकवण्यासाठी उत्तम आहे. इंग्रजी कागदपत्रांत ते बंडखोर ठरतात, गावागावांत ते वीर म्हणून पुजले जातात. मुलांना तीन रकाने आखायला सांगा. पहिल्यात सरकारी कागद काय म्हणतो, दुसऱ्यात गावातली माणसं काय सांगतात, तिसऱ्यात दोन्हींत काय जुळतं. १९०९चं चांदा जिल्हा गॅझेटियर शिक्षकाने स्वतः चाळावं आणि त्यातला एखादा परिच्छेद सोप्या मराठीत सांगावा. लिहिणारा कोण होता, कुणासाठी लिहीत होता, त्याला गावकऱ्यांची भाषा येत होती का, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली की मूल पुढे मोबाइलवर आलेला निरोपही तसाच तपासून घेईल.

१९४२साठी चिमूर आहे. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, तिथे मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, बालाजी रायपूरकर शहीद झाले. संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर फौजेने गावावर अत्याचार केले आणि स्त्रियांनाही सोडलं नाही. चौकशीच्या मागणीसाठी प्राध्यापक भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केलं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना त्याच ऑगस्टमध्ये अटक झाली. या घटनेत हिंसा आणि अहिंसा दोन्ही आहेत, म्हणूनच ती आठवीच्या मुलांसमोर पूर्ण मांडावी. जमावाने केलेल्या हत्यांबद्दल गप्प बसू नये आणि सरकारी दमनही झाकू नये. भन्साळींचं उपोषण तपशिलाने सांगा. अन्यायाची चौकशी मागण्याचा तो मार्ग आजच्या लोकशाहीत कोणत्या रूपात उपलब्ध आहे, हे विचारा.

तिसरं ठिकाण राजुरा. भारत १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला, पण राजुरा तेव्हा हैदराबाद संस्थानात होतं. तिथे स्वातंत्र्य १७ सप्टेंबर १९४८ला पोचलं. पुढे भाषावार प्रांतरचनेत तो तालुका आदिलाबादहून नांदेडला आणि १९५९ साली चांद्याला आला. चिमूर आणि राजुरा आज एकाच जिल्ह्यात आहेत, पण त्यांच्या स्वातंत्र्याच्या तारखा वेगळ्या आहेत. संस्थानांचं विलीनीकरण आणि संयुक्त महाराष्ट्र हे दोन्ही धडे या एका तालुक्याच्या आधारे शिकवता येतात. जिवती तालुक्यात सीमेवरची १४ गावं महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांच्या दाव्यांत सापडली आहेत. तिथल्या कुटुंबांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डं आढळतात. राज्याची सीमा माणसाच्या आयुष्यात काय बदलते, याचं यापेक्षा बोलकं उदाहरण नाही. मुलचेरा-चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत. फाळणी शिकवताना तिथल्या शिक्षकांनी त्या घरांकडे वळावं.

शासनपद्धतीकडे येताना नकाशा काढा. चिमूरचं मूल राहतं चंद्रपूर जिल्ह्यात, पण त्याचा खासदार गडचिरोली-चिमूर मतदारसंघाचा. या मतदारसंघात गोंदिया जिल्ह्यातलं आमगावही येतं. उलट चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात यवतमाळ जिल्ह्यातले वणी आणि आर्णी आहेत. जिल्हा ही प्रशासनाची सीमा आहे आणि मतदारसंघ ही प्रतिनिधित्वाची. दोन रंगांनी हा नकाशा रंगवला की मुलं हे विसरत नाहीत. मुख्यमंत्रिपदाचा पाठ आला की मारोतराव कन्नमवारांचं नाव घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातला हा माणूस नोव्हेंबर १९६२ ते नोव्हेंबर १९६३ या काळात महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता.

कायदा कसा होतो, हे शिकवायला वनहक्क कायदा घ्या. डिसेंबर २००६मध्ये संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तो मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळाली, नियम झाले आणि जानेवारी २००८पासून अंमलबजावणी सुरू झाली. २००९मध्ये मेंढ्याचा हक्क मान्य झाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनविभागाच्या हाती होता. तो २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ग्रामसभेकडे आला. संसद, राष्ट्रपती, मंत्रालय, वनविभाग, ग्रामसभा असे पाच थांबे फळ्यावर काढा आणि प्रत्येक थांब्यावर किती वेळ गेला ते मोजा. विधिमंडळ आणि कार्यकारी मंडळ यांतला फरक व्याख्येशिवाय कळतो. कायदा झाल्यावरही नागरिकांचं काम संपत नाही, हेही कळतं.

आठवणी गोळा करताना

गावातल्या जाणत्या माणसांना वर्गात बोलवा किंवा मुलांना त्यांच्याकडे पाठवा. गायता, भूमिया, जुने पोलीस पाटील, बचतगटाच्या ताई, तेंदूच्या फळीवर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं, झाडीपट्टी नाटकात भूमिका करणारे कलावंत, सगळेच उपयोगाचे आहेत. चार नियम मुलांना आधीच शिकवा :

१. आधी परवानगी घ्यायची आणि कशासाठी विचारतोय ते सांगायचं.
२. नोंदीत सांगणाऱ्याचं अंदाजे वय आणि ‘स्वतः पाहिलं’ की ‘ऐकलं’ हे लिहायचं.
३. ‘तुमचं काय मत?’ असं विचारण्याआधी ‘तेव्हा काय झालं?’ असं विचारायचं.
४. लिहिलेलं त्या माणसाला वाचून दाखवायचं आणि नको म्हणाल्यास खोडायचं.

माडिया, गोंडी, तेलुगू, छत्तीसगढी किंवा बंगाली बोलणाऱ्या घरांतून मुलं येत असतील तर आठवण घरच्या भाषेत ऐकू द्या, वर्गात दोन्ही भाषांत सांगू द्या आणि मग मराठीत लिहू द्या. प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी, असं संविधानाचं ३५०-अ कलम सांगतं. मुलाच्या भाषेला वर्गात जागा देणं म्हणजे नागरिकशास्त्राचा पाठ जगून दाखवणं आहे.

गडचिरोलीच्या काही भागांत अनेक वर्षं हिंसेची छाया राहिली आहे. तिथे मुलांना सुरक्षादलं किंवा सशस्त्र गट यांविषयी प्रश्न घेऊन कुणाच्याही दारात पाठवू नका. फोटो काढायला लावू नका, खरी नावं वहीत लिहू देऊ नका. एखाद्या मुलाने स्वतःहून दुःख सांगितलं तर ते शांतपणे ऐका, चर्चेचा विषय करू नका. त्या मुलाला मोठ्या माणसाचा आधार हवा असतो. खाण, धरण, व्याघ्रप्रकल्प अशा वादाच्या विषयांवर शिक्षकाने बाजू घेऊ नये. त्यावरचा कायदा काय आहे आणि ग्रामसभेला काय विचारलं पाहिजे, एवढं नेमकेपणाने सांगावं.

वर्षाचं नियोजन आणि मूल्यमापन

जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीमुळे हजेरी कमी असते आणि नदी-नाल्यांमुळे फिरणं कठीण होतं. तेव्हा कालपट आणि वर्गातले प्रयोग घ्या. १६ ऑगस्टला चिमूर, १७ सप्टेंबरला राजुरा, २१ ऑक्टोबरला शेडमाके, २६ नोव्हेंबरला संविधान हे परिपाठातून करा. सहली आणि मुलाखती दिवाळीनंतर ठेवा. २ ऑक्टोबर किंवा २६ जानेवारीच्या ग्रामसभेला मुलांना श्रोते म्हणून नेण्यासाठी सरपंच आणि ग्रामसेवकांना आधी पत्र द्या. मुलांनी तिथे काय विषय आले, कोण बोललं, स्त्रिया किती बोलल्या, काय ठरलं याची नोंद घ्यावी. मार्चमध्ये मोह वेचणं सुरू झालं की वर्ग रोडावतो, म्हणून मोठे उपक्रम फेब्रुवारीतच संपवा. बहुवर्ग शाळेत तिन्ही इयत्तांना एकच कालपट आणि एकच ग्रामसभा-भेट पुरते. प्रश्न मात्र इयत्तेप्रमाणे द्या.

आकारिक मूल्यमापनात पाठांतर कमी आणि विचार जास्त तपासा. नमुन्यादाखल काही प्रश्न :

- देवटेकची आज्ञा आणि आजचा वन्यजीव कायदा यांत काय सारखं, काय वेगळं? (सहावी)
- तुमच्या गावाला अंगणवाडीची दुरुस्ती हवी आहे. कुणाकडे, कोणत्या क्रमाने जाल? (सहावी)
- गडचिरोली आणि चंद्रपूरच्या दारूबंदीत फरक का? (सातवी)
- शेडमाके यांच्याविषयीची दोन विधानं दिली आहेत. कोणतं कुणी लिहिलं असेल? कशावरून? (आठवी)
- राजुऱ्यात १७ सप्टेंबर महत्त्वाचा का? (आठवी)

शिक्षकहो, पुढच्या सहा-सात वर्षांत ही मुलं मतदार होतील. त्यांतली अनेक जण ज्या ग्रामसभेत बसतील तिच्या हाती जंगलाचे हक्क, बांबूचा आणि तेंदूचा पैसा, गावाचे ठराव असतील. ठरावाचा कागद वाचता न येणाऱ्या ग्रामसभेच्या वतीने दुसरंच कुणी ठरवून मोकळं होतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ते थांबवण्याची तयारी सहावीच्या वर्गातच करावी लागते. पुढच्या शिक्षण परिषदेत आपापल्या केंद्रातल्या शाळांनी मिळून आपल्या परिसराचा एक कालपट तयार करण्याचा ठराव करा, आणि येत्या ग्रामसभेला आपली मुलं घेऊन जा.